डावी जाळी कोमट, उजवी जाळी गार : गाडीच्या एसीचा दोष शोधायचा कसा आणि त्याचे पैसे घ्यायचे कसे



एसी गॅरेजच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल. गावात, तालुक्याला छोटं एसी रिपेअरिंगचं काम सुरू करायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हे निवांत वाचा.

मागच्या मे महिन्यात धारूरला प्रशिक्षणासाठी गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एक पोरगा आला. स्वतःची सेडान गाडी, भाड्याने चालवतो, हप्ता चालू आहे. म्हणाला, "सर, गॅरेज टाकायचंच आहे, पण आधी माझ्याच गाडीचं काय ते सांगा." त्याचं एक कायमचं भाडं होतं. एक रिटायर गुरुजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अंबाजोगाईला. जाताना ठीक, पण येताना माणूस गळून गेलेला असतो, वर भर दुपारचं ऊन. गुरुजी म्हणायचे, "अरे, एसी लाव की." हा म्हणायचा, "गुरुजी, लावलाय, फुल आहे." तीन-चार वेळा असं झालं. मग गुरुजींच्या मुलाने दुसरी गाडी लावली.

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला गार लागतच होतं! तो बसायचा उजवीकडे. गुरुजी बसायचे पुढच्याच सीटवर, पण डावीकडे, पाय लांब करायला जागा मिळते म्हणून. आणि डावीकडच्या जाळीतून येत होती कोमट हवा. आपल्या गाडीत डावीकडे बसून बघावं, हे त्याला कधी सुचलंच नाही. सुचणार तरी कसं, ड्रायव्हर तोच.

दोनदा गॅस भरून झाला होता. दरवेळी दोन-तीन आठवडे बरं वाटायचं, मग परत तेच. ज्या गॅरेजवाल्याने भरला त्याने गाडीत बसून मधल्या जाळीला हात लावला आणि सांगितलं, "गॅस कमी झालाय." निदान चुकीचं नव्हतं, हे लक्षात ठेवा. पण अर्धंच होतं.

चार जाळ्या, चार आकडे

आमच्या प्रशिक्षणात एसीचं प्रात्यक्षिक घेणारे एक जुने मिस्त्री असतात. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. खिशातून काढलं एक डिजिटल थर्मामीटर, पुढे लांब सळई असलेलं. काही शे रुपयांत मिळतं.

गाडी लिंबाच्या सावलीत लावली. काचा बंद, थंडपणाचा नॉब पूर्ण गारवर, आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, ब्लोअर मधल्या स्पीडला. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरून दहा मिनिटं थांबले. मग एकेका जाळीत सळई घालून आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघितली. उजवीकडून डावीकडे वाचलं: ९, ११, १६, १९. बाहेर सावलीत ३८ अंश.

आता बघा, या चार आकड्यांत अर्धं निदान आहे. चांगल्या चालणाऱ्या एसीत मधल्या जाळ्यांतून साधारण ६ ते १२ अंशांची हवा येते. आपल्याकडच्या मे महिन्यात उभ्या गाडीत त्याहून थोडी जास्तही येईल. आणि चारही जाळ्यांत दोन-तीन अंशांचा फरक असतोच, कडेच्या जाळ्यांचा पाईप लांब असतो, डॅशबोर्ड तापलेला असतो. तो दोष नाही. पण पाच अंशांच्या वर फरक गेला, आणि तोही एका बाजूकडून दुसरीकडे पायरी-पायरीने वाढत गेला, तर शोधायला सुरुवात करायची.

हाताने बघून हे कळत नाही. ३८ अंशांच्या उन्हातून आलेल्या हाताला १९ अंशांची हवासुद्धा गारच लागते. त्या गॅरेजवाल्याची चूक झाली ती इथेच.

एकाच कॉईलमधून दोन प्रकारची हवा कशी येते?

डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉईल असते. तिच्यात एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून गॅस द्रवरूपात, बारीक धारेने येतो, उकळतो, आणि उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो. जिथपर्यंत द्रव पोचतो तिथपर्यंत कॉईल गार. द्रव संपला की पुढच्या नळ्यांत नुसती वाफ फिरते, आणि वाफेला उष्णता ओढायची ताकद फार नसते.

ठिबकची लाईन डोळ्यासमोर आणा. मोटारीचं प्रेशर कमी पडलं की सुरुवातीची झाडं ओली, शेवटची कोरडी. किंवा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा. वर पाणी दिसतं, त्याच्या शेतात येत नाही. गॅस कमी असला की कॉईलचं तसंच होतं. कॉईलच्या गार भागातून गेलेली हवा एका बाजूच्या जाळीत जाते, कोरड्या भागातून गेलेली दुसऱ्या. कुठली बाजू गरम होणार हे गाडीच्या रचनेवर आहे, म्हणून "डावी गरम म्हणजे हेच" असा नियम पाठ करू नका.

म्हणजे एकच कंट्रोल असलेल्या गाडीत एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट दिसलं, तर पहिला संशय गॅस कमी असण्याचा. पण संशयच. कारण इतर चोरही याच रस्त्याने येतात.

गॅसचा पाईप लावायच्या आधी

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हवा कमी येतेय, की गरम येतेय? हे दोन वेगळे आजार आहेत आणि गिऱ्हाईक दोन्हींना "एसी लागत नाही" एवढंच म्हणतं. कागदाची एक पट्टी घ्या, चारही जाळ्यांसमोर धरा. पट्टी सगळीकडे सारखी उडाली तर हवा ठीक. सगळीकडेच मलूल असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. आपल्या भागातली धूळ, ऊस वाहतुकीचं पाचट, कापसाची पुंजी, काय काय निघतं त्यातून! काही बेस मॉडेलमध्ये फिल्टर कंपनीकडून आलेलाच नसतो, तिथे हा सगळा मळ थेट कॉईलवर बसतो. एकाच जाळीची पट्टी पडली तर आतला पाईप निसटलाय किंवा जाळीची पाती तुटलीय. म्युझिक सिस्टीम बसवताना डॅशबोर्ड उघडला होता का, ते विचारा. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

हवा भरपूर पण एका बाजूला गरम, असं असेल तर गरम-थंड मिसळणाऱ्या झडपेकडे बघा. गाडीत हीटर असतो हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाच्या लक्षातही नसतं! पण इंजिनाचं गरम पाणी त्या हीटरच्या कॉईलमधून फिरत असतं आणि एक झडप त्याची हवा अडवून धरते. झडपेच्या कडेचा फोम झिजला, केबल सैल झाली की थोडी गरम हवा गारमध्ये मिसळते. तपासायचं सोपं आहे: नॉब पूर्ण गरमवर न्या, परत पूर्ण गारवर आणा, आकडे बदलतात का बघा. तरी खात्री नसेल तर हीटरकडे जाणारा रबरी पाईप योग्य क्लॅम्पने थोडा वेळ दाबा. पाईप गरम असतो, हातमोजे घाला. दाबल्यावर गरम जाळीचा आकडा खाली आला, तर गॅसचा काही संबंध नाही, दोष झडपेचा.

ज्या गाड्यांत ड्रायव्हरचं आणि शेजारच्याचं तापमान वेगळं लावता येतं, तिथे दोन झडपा आणि त्यांना फिरवणाऱ्या दोन छोट्या मोटारी असतात. दोन्हीकडे सर्वांत कमी तापमान लावा. एकच बाजू गरम राहिली, गेजवर प्रेशर बरोबर आहे, आणि डॅशबोर्डच्या आतून टकटक असा आवाज येतोय, तर त्या मोटारीचे दात गेले असण्याची शक्यता जास्त. अशा गाडीत गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाईकाचा खिसा कापणं.

सात सीटर गाडीत पुढे गार, मागे गरम अशी तक्रार आली तर आधी बघा की मागे वेगळी कूलिंग कॉईल आहे का, की नुसता पंखा आणि डक्ट आहे. नुसता पंखा असेल तर मागे थोडं उशिरा गार होणारच, ते गिऱ्हाईकाला समजावून सांगा.

आणि एक तक्रार इथे हमखास येणार. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना एसी गरम होतो आणि वर सपाटीला आलं की बरा होतो. इथे चारही जाळ्या एकदमच गरम होतात, डावं-उजवं नाही. घाटात गाडी हळू चालते, कंडेन्सरवर वारा कमी लागतो, इंजिनावर लोड असतो. लहान इंजिनाच्या काही गाड्या तर पूर्ण रेस दिल्यावर इंजिनाला ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेसर थोडा वेळ स्वतःच बंद करतात. पण उभ्या गाडीतही एसी गरम आणि रस्त्यावर पळताना गार, असं असेल तर कंडेन्सरचा पंखा बघा, आणि कंडेन्सर पुढून पाण्याने धुवा, फार प्रेशर न लावता, पत्र्याच्या पाकळ्या वाकतात. नुसत्या धुण्याने बरा झालेला एसी मी स्वतः पाहिलाय.

अजून एक वेगळा प्रकार. निघाल्यावर अर्धा तास मस्त, मग हवाच बंद पडल्यासारखी होते, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत चालू. हे कॉईलवर बर्फ जमण्याचं लक्षण आहे. फिल्टर तुंबलाय का, कॉईलचा तापमान मोजणारा सेन्सर ठीक आहे का, ते बघा.

आता गेज

त्या पोराच्या गाडीत पट्टी चारही ठिकाणी सारखी उडाली. हीटरचा पाईप दाबून फरक पडला नाही. मिस्त्रींनी मग गेज लावलं. गाडी बंद असताना दोन्ही काटे १२० पीएसआयच्या आसपास. पोरगा लगेच म्हणाला, "उस्ताद, म्हणजे गॅस तर भरलेला आहे!"

मिस्त्री हसले. "बाळा, सिलिंडर अर्धा असो नाहीतर पूर्ण, आत द्रव आहे तोपर्यंत प्रेशर तेवढंच दाखवणार. ते प्रेशर उन्हाचं आहे, गॅसच्या वजनाचं नाही."

ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो ३० अंशांना साधारण ९७, ३५ ला ११४ आणि ४० ला १३३ पीएसआय दाखवतो. गाडी बंद असताना एवढं प्रेशर दिसलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असं अजिबात नाही. याच्या फार खाली दिसलं, तर मात्र आत जवळजवळ काहीच उरलं नाही हे पक्कं.

खरं कळतं ते गाडी चालू केल्यावर. अशा उन्हात साधारणपणे लो साइडला ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २७५ पीएसआय अपेक्षित असतं, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. इथे लो १५ आणि हाय १४०. दोन्हीकडे कमी. शिवाय कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी टक करून लागत होता आणि सुटत होता. गॅस कमी, यात आता शंका उरली नाही. लो आणि हाय दोन्ही जास्त निघाले असते तर उलटा संशय घ्यायचा: कुणीतरी अंदाजाने जास्त गॅस कोंबलाय, किंवा कंडेन्सर गार होत नाही. जास्त गॅसनेही कूलिंग मरतं, हे कित्येक जणांना माहीत नसतं.

गॅस संपत नाही, गळतो

पेट्रोल जळतं. एसीचा गॅस जळत नाही, तोच तोच बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी पाईपातून अगदी थोडा झिरपतो, त्याला वर्षं लागतात. तीन आठवड्यांत कूलिंग गेलं म्हणजे कुठेतरी चांगलीच गळती आहे, आणि ती न शोधता परत भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

शोधायचं कसं? आधी डोळ्यांनी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. स्वच्छ पाईपावर एकाच जोडाला काळा चिकट डाग दिसला की थांबा. या गाडीत कंडेन्सरच्या पाईपाच्या जोडावर तो डाग होता. साबणाचं पाणी लावलं, बारीक फेस आला. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. पाच-पन्नास रुपयांच्या रिंगसाठी दोनदा गॅस आणि एक कायमचं गिऱ्हाईक गेलं होतं.

डाग सापडला नाही तर नायट्रोजनने प्रेशर द्यायचं आणि साबणाचं पाणी फिरवायचं. इथे एक इशारा, आणि तो गमतीवारी घेऊ नका: नायट्रोजनच्या जागी वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेल आणि प्रेशरचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. टायरच्या हवेनेही काम भागवू नका, तिच्यात ओल असते. तसंच स्वस्तात पडतो म्हणून घरगुती एलपीजी भरणारे काही महाभाग आहेत. केबिनमध्ये ज्वालाग्राही गॅस गळला तर काय होईल याचा विचार करा आणि अशा कामाला हात लावू नका.

जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्युम पंप किमान अर्धा तास चालवला. मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघितलं. मग बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले होते, तेवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. गेजचा काटा बघून, "थोडा अजून, बास" असं भरायचं नाही. उरलेल्या गॅसवर वरून भरला तर आत किती आहे हे तुम्हालाही कळत नाही. आधीचा गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए हवेला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवतो. त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिलीय. काही नव्या गाड्यांत वेगळा गॅस येतो, म्हणून स्टिकर वाचल्याशिवाय पाईप जोडायचा नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल.

परत चार आकडे घेतले: ८, ८, ९, १०.

"पण सर, नुसता गॅस भरला तर लवकर पैसे मिळतात"

हा प्रश्न येतोच. प्रामाणिक उत्तर देतो. हो, मिळतात. एका उन्हाळ्यात एकाच गाडीचे दोन-तीनदा मिळतात. मोठ्या शहरात, हायवेच्या कडेला, जिथे रोज नवी गाडी येते, तिथे काही जणांचा धंदा त्यावर चालतोही. पण धारूर, वडवणी, केजसारख्या ठिकाणी गाड्या मोजक्या आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर स्टँडवर एकत्र बसतात. एकाने सांगितलं की "तिथे नुसता गॅस भरतात", की पुढचा सीझन गेला. आणि एसीचा सीझन तो किती, फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनचा पाऊस पडेपर्यंत.

म्हणून तपासणीचे वेगळे पैसे घ्या. पहिल्याच दिवसापासून. बोर्डवर लिहा: एसी तपासणी, अमुक रुपये, काम आमच्याकडे केलं तर बिलात वजा. रक्कम तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण शून्य ठेवू नका. फुकट तपासणी केली की तुमचं मन आपोआप "काहीतरी विकायलाच पाहिजे" याकडे झुकतं, आणि तिथून गॅसची बाटली फार लांब नसते.

जॉब कार्ड छापून घ्या. त्यावर चार जाळ्यांचे आकडे, कामाआधीचे आणि नंतरचे. बाहेरचं तापमान. लो आणि हायचं प्रेशर. किती ग्रॅम गॅस काढला, किती भरला. खाली गिऱ्हाईकाची सही. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपला. तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक भांडत आलं तर परत चार आकडे घ्यायचे आणि कार्डाशेजारी ठेवायचे. भांडण तिथेच अर्धं मिटतं.

गिऱ्हाईक म्हणालं, "गळती राहू दे, लग्नाचं भाडं आहे, आज नुसता गॅस भरा," तर? होणार असं. त्याला गळतीची जागा दाखवा, गॅस थोड्या दिवसांत जाणार हे तोंडी सांगा, आणि बिलावर लिहा: गळती दाखवली, दुरुस्ती नको म्हणाले. तेवढ्यावर भरायचा की परत पाठवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर गळती मोठी असेल तेव्हा पाठवून दिलं असतं.

भांडवलाबद्दल थोडक्यात. मोठं ऑटोमॅटिक मशीन कर्ज काढून पहिल्याच वर्षी घेऊ नका. थर्मामीटर, गेज सेट, व्हॅक्युम पंप, वजनकाटा, ओ-रिंगची पेटी यांनी सुरुवात होते. रिकव्हरी मशीन आणि नायट्रोजनसाठी सुरुवातीला एखाद्या मोठ्या गॅरेजशी भाड्याचं ठरवा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याहून मोठं काही करायचं तर बीडच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. पण त्याआधी एक पूर्ण उन्हाळा कुणाच्या तरी हाताखाली काढा. आयटीआयचं सर्टिफिकेट असलं तरीसुद्धा.

त्या पोराने दोन्ही वेळचे चार-चार आकडे एका कागदावर लिहिले, फोटो काढला आणि गुरुजींच्या मुलाला पाठवला. खाली लिहिलं, "चूक माझी होती, मी डावीकडे बसून कधी बघितलं नाही." संध्याकाळी उत्तर आलं: "मंगळवारी या. पण आधी धारूरमध्येच एक चक्कर मारू, डावीकडे मी बसणार."